शुक्रवारची साक्ष

गुरुवार, २ जानेवारी १९९७

ही डायरी माझ्या मुलाच्या, दिलीपच्या कंपनीची. दरवर्षी साहेब लोकांना मिळते. वर सोनेरी अक्षरं, आत तारखा छापलेल्या. त्याने दोन आणल्या, एक मनालीने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस, माझा अभ्यास होत नाही. आता यात बोल." नऊ वर्षांची पोरगी, पण जीभ बघा! मी मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलेली. जोडाक्षर आलं की पेन अडतं. पण शास्त्र, म्हणजे बायबल, रोज वाचते, म्हणून अक्षर मोडलेलं नाही.

तर बोलते. सुयशबद्दलच बोलणार, दुसरं काय आहे माझ्याकडे! माझा नातू चार महिन्यांचा. मनालीनंतर नऊ वर्षांनी प्रभूने दिला. जयमाला, म्हणजे माझी सून, वाशीला दवाखान्यात नर्स आहे. तिची रजा संपली तसं दिलीपने मला नगरहून आणलं. गावी एकटी भिंतींशी बोलत होते, इथं लेकराशी बोलते. ते हुंकार देतं. माझ्या खांद्यावर टाकल्याशिवाय झोपत नाही. जयमाला म्हणते, "आई, सवय लावून ठेवलीत तुम्ही." लावली, मग?

नेरूळच्या या बिल्डिंगा सगळ्या एका साच्यातल्या. पहिल्या आठवड्यात मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईलाच विचारलं, "तुम्ही कोण?" त्या भल्या बाईने चहा पाजून मला घरी पोचवलं.

शनिवार, ४ जानेवारी

काल आमच्या हॉलमध्ये बायबल स्टडी झाली. दर शुक्रवारी असते, कारण दिलीपच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी. सात-आठ घरची माणसं येतात. चटया मी घालते, चहा मी करते. शिकवायला मालतीबाई येतात. त्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. अजून हातात खडू असल्यासारखं बोट नाचवतात. शेवटची प्रार्थना दिलीप करतो. त्याची प्रार्थना ऐकली की मला त्याचे वडील आठवतात, पण ते पुटपुटायचे. दिलीपचा आवाज घुमतो.

या महिन्याचा विषय नम्रता. मालतीबाई म्हणाल्या, "आपण मराठी माणसं फार हुशार. कप फोडतो आणि म्हणतो, कप फुटला. चूक करतो आणि म्हणतो, चूक झाली. कुणी केली? कपाने? इथं कबुली द्यायची तर 'मी'पासून सुरुवात करायची. मी फोडला. मी चुकले."

सगळे हसले. मग एकेकाने कबुली दिली. मी म्हणाले, "मी मनालीच्या वाटणीचा लाडू खाल्ला." मनाली आतून ओरडली, "मला माहीत होतं!" दिलीप म्हणाला, "मी परवा गाडीवाल्याशी चढ्या आवाजात बोललो. माझ्यात गर्व आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा." केवढा मोठा साहेब, हाताखाली पंचवीस माणसं, आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून असं बोलला. मला तर भरूनच आलं. मालतीबाईसुद्धा म्हणाल्या, "पुरुषाने असं बोलायला धाडस लागतं."

गुरुवार, ९ जानेवारी

आज पुतळाबाई आली. ती करावे गावची मासेवाली, टोपली घेऊन दोन दिवसांआड येते. आमच्या नगरकडे मासा म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. तिने मला कोळंबी सोलायला शिकवली. मी तिला "पुतळाबाई" म्हणते, ती मला "बाय" म्हणते. जिन्यात बसून चहा घेते. आत ये म्हटलं तर म्हणते, "नको बाय, वास लागल तुझे फरशीला." वास काय लागायचा! खाडीचं पाणी उतरलं की सगळ्या सेक्टरला वास येतो. आणि तळोज्याच्या कारखान्यांकडून वारं आलं की घसा खवखवतो तो वेगळाच.

तिचा धाकटा मुलगा कान्हा दिलीपच्याच कंपनीत आहे. ठेकेदाराकडून लागलाय. दिलीपच्याच हाताखाली. पुतळाबाई म्हणाली, "तुझा पोर देवमानूस हाय, बाय. कान्हाला बोलला, नीट काम कर, तुला परमनंट करतो." मी चहात साखर जास्त घातली.

बुधवार, १५ जानेवारी

काल शेजारणींनी तिळगूळ दिला. आपण घेतो, प्रेमाने दिलेलं. सुयश कुशीवर वळायला लागला. पालथा पडेल आता. दिलीपची या महिन्यात दुपारपाळी. दुपारी जातो तो लेकरू झोपल्यावर येतो. मी म्हटलं, "मनाली पालथी पडली तेव्हाही तू कामावर होतास. या वेळी तरी बघ." तो म्हणाला, "आई, तू फोन कर. बघतो."

बुधवार, २२ जानेवारी

काल प्रभूने माझी प्रार्थना ऐकली. सगळं सविस्तर लिहायचं म्हणते, पण सुयश रडतोय आणि घरातही काही ठीक नाही. तरी लिहिते.

काल मंगळवार. संध्याकाळी सुयश एवढा जोर करत होता, हात अंगाखाली अडकायचा आणि लाल व्हायचा. मी कंपनीत फोन लावला. दिलीप म्हणाला, "कामात आहे गं." मी म्हटलं, "काम काय रोजचंच आहे, लेकरू रोज पालथं पडत नाही." आणि दिवेलागणीला दारात स्कूटर! मी तर टाळ्याच वाजवल्या. दिलीप बूट न काढता गादीशी बसला आणि त्याच्या डोळ्यांदेखत सुयश पालथा पडला. मान वर करून बापाकडे बघून हसला. मनाली नाचली. मी गुळाचा शिरा केला.

शिरा खाताना फोन वाजला. दिलीप नुसतं ऐकत होता. "कोण?" म्हणाला. मग म्हणाला, "डोळ्यांत?" फोन ठेवला, बशी तशीच ठेवली आणि स्कूटर घेऊन परत गेला.

आज जयमालाने सांगितलं, कंपनीत अपघात झाला, टाकीतलं अ‍ॅसिड एका कामगाराच्या तोंडावर उडालं. मी गुडघ्यांवर आले आणि आभार मानले. दिलीप तिथे असता तर? प्रभूनेच त्याला त्या वेळी घरी ओढून आणला.

गुरुवार, २३ जानेवारी

दिलीप जेवत नाही. आंघोळीला गेला की नळ चालू ठेवून आतच थांबतो. मी त्याला म्हटलं, "अरे, परवाची केवढी मोठी कृपा झाली. उद्या स्टडीत साक्ष दे." आमच्यात प्रभूने केलेलं उपकाराचं काम चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष देणं म्हणतात.

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आई, मी त्या दिवशी घरी आलो होतो हे कुणाला सांगत बसू नकोस."

"का रे?"

"उगाच मोठेपणा वाटतो. लोकांचं वाईट झालंय."

बघा. दुसऱ्याच्या दुःखात आपली कृपा मिरवायची नाही. एवढी नम्रता मालतीबाईंनासुद्धा शिकवता येणार नाही. मी आपली मूर्ख, मिरवायला निघाले होते.

शनिवार, २५ जानेवारी

काल स्टडी झाली. दिलीपने शेवटची प्रार्थना केली. लांबलचक होती, पण आवाज घुमला नाही. "प्रभो, आमच्याकडून काही चुका घडल्या असतील, काही उणं राहिलं असेल," असं म्हणाला. मालतीबाईंनी एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. मी पाहिलं कारण माझेही डोळे उघडे होते, सुयश मांडीवर होता ना.

पुतळाबाई आठवडाभर आली नाही. तब्येत बरी नसेल.

मंगळवार, २८ जानेवारी

आज पुतळाबाई आली ती टोपलीशिवाय. जिन्यात बसली. मी चहा आणला तर कप घेतला नाही.

तो कामगार म्हणजे कान्हा होता.

मला कुणी सांगितलंच नव्हतं. दिलीपने नाही, जयमालाने नाही.

"डोले गेलं, बाय," ती म्हणाली. "एक तं गेलाच. दुसरा डाक्टर बोलतो, बघू. तोंडावरची कातडी सगली गेली."

मी तिचा हात धरला. मग ती म्हणाली, "कंपनीवाले बोलतान का तो पिऊन आलेला. आपले मनाने टाकी खोलली. आमचे घरान कोन पीत नाय, बाय. माझा नवरा माळकरी व्हता. आता ते बोलतान कान्हाचीच चूक, कायच भेटनार नाय. वर पोलिसान त्याचाच नाव दिलाय."

"कान्हा काय म्हणतो?"

"तो कायच बोलत नाय. विचारला का भिंतीकडे तोंड करतो." मग म्हणाली, "टाकी खोलताना सायबाने बाजूला उभा र्‍हायाचा असा नियम हाय म्हनतात. सायेब उभा व्हता, त्याने नको बोललेला, तरी कान्हाने खोलली, असा कागद केलाय."

मी म्हटलं, "कुठला साहेब?" तिने पदराने तोंड पुसलं. कंपनीत साहेब पुष्कळ आहेत. 

मी म्हटलं, "पुतळाबाई, शुक्रवारी तू वर ये. आम्ही सगळे मिळून कान्हासाठी प्रार्थना करू. तुझा देव, माझा देव असं काही मनात आणू नको." ती येते म्हणाली.

दिलीपला सांगितलं तर तो म्हणाला, "तिला कशाला बोलावलंस?" एवढा ओरडला की सुयश दचकला. मग लगेच म्हणाला, "सॉरी. मी थकलोय." थकणारच. स्वतःच्या हाताखालच्या पोराचं असं झालं.

शनिवार, १ फेब्रुवारी

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. नंतर माझंच मला नीट आठवणार नाही.

पुतळाबाई आली. दाराजवळ चटईच्या काठाला बसली. मालतीबाई तिला पुढे बसा म्हणाल्या तरी हलली नाही. दिलीप तिच्याकडे बघत नव्हता. मालतीबाईंनी दावीद राजाची गोष्ट घेतली. गरिबाची एकुलती कोकरी श्रीमंताने मारली, हे नाथान संदेष्टा राजाला सांगतो. राजा चिडतो, कोण तो माणूस, त्याला मारा. आणि संदेष्टा म्हणतो, तो माणूस तूच. मालतीबाई हे वाक्य बोट रोखून म्हणाल्या. त्यांची ती सवयच आहे. बोट कुणाकडे असं नव्हतं. तरी दिलीपने पाण्याचा पेला उचलला आणि तो लवंडला. 

मग कान्हासाठी प्रार्थना झाली. पुतळाबाई हुंदके देत होती. मला राहवेना. तिला धीर यावा, देव अजून कामं करतो हे तिला कळावं, म्हणून मी उभी राहिले. दिलीपने सांगितलं होतं नको बोलू, पण ते नम्रतेपायी होतं, आणि समोर एक आई रडत होती. मी म्हटलं, "मला साक्ष द्यायची आहे."

आणि सांगितलं. मंगळवारी सुयश पालथा पडणार होता, मी फोन केला, दिलीप काम टाकून आला, दिवेलागणीला इथे या गादीशी बसला, आणि आम्ही शिरा खात असताना तिकडे अपघात झाल्याचा फोन आला. "प्रभूने माझ्या लेकराला हात धरून त्या टाकीपासून बाजूला काढलं," मी म्हटलं. "तोच प्रभू कान्हालाही वाचवेल."

कुणी आमेन म्हटलं नाही. 

एरवी मी साधं पाणी आलं म्हटलं तरी सगळे आमेन म्हणतात. 

पुतळाबाई उठून उभी राहिली. हळूच म्हणाली, "म्हंजे सायेब तवा तिथं नव्हताच?"

जयमाला आतून सुयशला घेऊन आली आणि म्हणाली, "आई, याला भूक लागलीय, आत चला." त्याला भूक नव्हती. मी आत गेले.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी देवळातून, म्हणजे आमच्या चर्चमधून, येताना गेटवर पुतळाबाई उभी होती. ऊन तोंडावर, कधीची उभी होती कोण जाणे. म्हणाली, "बाय, तू परवा बोललीस ती साक्ष, ती कचेरीन देशील? चौकशीला सरकारी सायेब येनार हाय. नुसता तेवढाच बोल. दुसरा काय नको."

मी म्हटलं, "साक्ष काय, मी दर शुक्रवारी देते!"

ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. ही गोष्ट मी हसत हसत घरी सांगितली. आता लिहिताना कळतंय की हसत होते ते मी एकटीच.

सोमवार, ३ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर दोघं माझ्यासमोर बसली. मनालीला खाली खेळायला पाठवलं.

जयमाला बोलली. "आई, तुमचा दिवस चुकलाय. सुयश पालथा पडला तो सोमवार होता."

"मंगळवार होता. मी शिरा..."

"सोमवार होता, आई," दिलीप म्हणाला. फरशीकडे बघत.

जयमाला म्हणाली, "तुमचं वय झालंय, दिवस चुकणारच. त्यात लाज कसली? येत्या शुक्रवारी उभं राहून एवढंच सांगा की दिवस चुकला. पुतळाबाई ऐकेल, विषय संपेल. नाहीतर यांची नोकरी जाईल, आई. पोलीस येतील. कंपनीचं कर्ज आहे या घरावर. सुयशकडे बघा." 

मी दिलीपला म्हटलं, "माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं नाही. म्हणाला, "आई, चूक कबूल करायला तूच तर शिकवलंस आम्हाला."

मी सुयशला घेऊन गॅलरीत गेले. तो खांद्यावर झोपला. गरम गरम श्वास मानेला लागत होता. मला वाटलं, असेलही सोमवार. म्हातारपणी होतं असं. गावी एकदा मी रविवार समजून शनिवारीच देवळात जाऊन बसले होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सांगितलं.

पुतळाबाई आली होती, नवं लुगडं नेसून. कचेरीत कसं उभं राहायचं ते मला विचारणार होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मागच्या शुक्रवारी माझ्याकडून एक चूक झाली. दिवस सांगण्यात चूक झाली."

मालतीबाईंनी बोट वर केलं. "गोजराबाई, कसं म्हणायचं ठरलंय आपलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. 'झाली' म्हटलं तेव्हा जीभ अडली नव्हती. आता अडली. ते एवढंसं अक्षर, मी. पहिलीत पहिल्या दिवशी लिहायला शिकवतात. 

"मी चुकले," मी म्हटलं. "मी दिवस चुकले. तो सोमवार होता."

"आमेन," सगळे म्हणाले. एक बाई म्हणाली, या वयात केवढी नम्रता! मालतीबाई शास्त्र मिटून बसल्या. पुतळाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानदाराने वजनात मारलं तर गिऱ्हाईक कसं बघतं, मापाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे, तसं. मग चपला हातात घेऊन जिना उतरली.

दिलीपने शेवटची प्रार्थना केली. घुमली.

सोमवार, १० फेब्रुवारी

सुयश आता सारखा पालथा पडतो. मी बघत नाही. 

मंगळवार होता. मला माहीत आहे मंगळवार होता.

काल देवळात पाळकसाहेब पापकबुलीची प्रार्थना सांगत होते. सगळ्यांबरोबर म्हणायची असते, "आम्ही, आम्ही". मी पन्नास वर्षं म्हणतेय. काल तोंड उघडेना. 

आज दिलीप चहा घेत होता. मी म्हटलं, "दिलीप, मी बुधवारी करावे गावात जाणार. पुतळाबाईकडे."

जयमालाच्या हातातली गाळणी थांबली.

"कशाला?" दिलीप म्हणाला.

"मी तिच्याशी खोटं बोलले. मी बोलले. ते सांगायला."

"आई, तुला कळतंय का तू काय करतेयस? मला जेलमध्ये घालशील?"

"मी माझी चूक सांगणार आहे रे. तुझी मी सांगणार नाही. तुझ्याबद्दल एक शब्द काढणार नाही."

"एकच आहे ते!" तो ओरडला. "तुझी सांगितलीस की माझी आलीच!"

म्हणजे त्याच्या तोंडूनच निघालं. इतके दिवस मी ते वाक्य माझ्या मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने कप ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर धरले. 

जयमाला म्हणाली, "गेलात तर परत या घरात येऊ नका." ती वाईट नाही. रात्रपाळी करून दुसऱ्यांची पोरं सांभाळते. तिला भीती वाटतेय. मलाही वाटतेय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी शास्त्र, ही वही आणि चष्मा पिशवीत टाकला. सुयशचा पापा घेतला. दाराशी आले तर दिलीप बूट घालत होता. म्हटलं अडवतोय. तो म्हणाला, "तुला करावे सापडायचं नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये हरवतेस." जयमाला सुयशला घेऊन पाठ फिरवून उभी होती.

रिक्षात तो हात मांडीखाली दाबून बसला होता. गावाच्या कमानीपाशी उतरलो तेव्हा म्हणाला, "तू आत जा, मी इथे थांबतो." मी म्हटलं, "बरं." चार घरं पुढे गेले आणि मागे पावलं ऐकू आली.

पुतळाबाई अंगणात जाळं विणत होती. उठली नाही. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "पुतळाबाई, तो मंगळवार होता. मी तुझ्याशी खोटं बोलले. मी. सरकारी साहेबापुढे मी खरं सांगेन."

ती माझ्या मागे उभ्या असलेल्या दिलीपकडे बघत होती.

आत कान्हा खाटेवर होता. तोंडावर पट्ट्या, एकाच डोळ्याची जागा उघडी, त्यातही लाल. खोलीत औषधाचा आणि सुक्या मासळीचा वास. मी दारातच थांबले. दिलीप खाटेशी गेला. कान्हाने मान वळवली आणि म्हणाला, "कोन? आये, कोन आलाय?"

मला दिलीपची पाठ दिसत होती, शर्ट भिजलेला. हॉलमध्ये एवढी लांब प्रार्थना करतो आणि इथे त्याला सुरुवात सापडेना. मला वाटलं आता हा वळणार आणि जाणार. मी दार सोडून बाजूला झाले. त्याला जायचं तर जाता यावं म्हणून.

"टाकी मी उघडायला सांगितली," दिलीप म्हणाला. "मी तिथे नव्हतो. मी घरी निघून गेलो होतो. आणि तू प्यायला होतास असं मी लिहून दिलं."

बाहेर पुतळाबाईच्या हातातली सुई थांबली होती.

कान्हाने खाटेची कड चाचपली. मग म्हणाला, "सायेब, मना ठावं व्हता तुमी याल. म्हनून मी कोनाला कायच बोललो नाय."

दिलीप खाली बसला. खाटेचा पाय धरून.

पुतळाबाईने आम्हाला बसा म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. निघताना मी तिच्याकडे बघितलं, ती जाळ्याकडे बघत होती. 

दिलीप तिथूनच पोलीस चौकीत गेला. मी येते म्हटलं तर म्हणाला, "नको आई. तुझं तू सांगितलंस." मला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला बिल्डिंग नीट समजावली.

आता मी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून लिहितेय, पुतळाबाई बसायची त्या पायरीवर. बेल दोनदा वाजवली. आत जयमाला आहे, तिच्या बांगड्या वाजल्या, पण दार उघडलं नाही. शेजारच्या बाईंनी आत या म्हटलं, मी नको म्हटलं.

सुयश रडतोय. ओरडून ओरडून आवाज बसलाय त्याचा. त्याला झोप आलीय आणि खांदा बाहेर आहे. मी दाराला तोंड लावून गात होते, तेव्हा जरा थांबला होता. परत सुरू झाला. 

पेन ठेवते. परत गाऊन बघते.